तापाचं निमित्त

आमच्या दिंडोरी तालुक्यात माणूस कशाने गेला हे सांगायची काही ठरलेली वाक्यं आहेत. म्हातारा असला तर ‘सोनं झालं’. दारू पिणारा असला तर ‘हाताने गेला’. आणि तरणाताठा असला, नेमकं काय झालं हे कुणालाच कळलं नसलं, तर ‘तापाचं निमित्त झालं’. हे तिसरं वाक्य गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या नावामागे लागता लागता राहिलं.

मी ३६ वर्षांचा. अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. राहायला सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायको शिक्षिका, मुलगी पहिलीत. शुगर नाही, बीपी नाही. पोट थोडं सुटलंय, पण आमच्या लायनीत ते कुणी धरत नाही. सिगारेटचं पुढे सांगतो.

त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. गोदावरीला पूर आला की नाशिककराचे पाय आपोआप घाटाकडे वळतात, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय ते बघायला. शनिवारी मीही लेकीला घेऊन गेलो. पाणी मारुतीच्या कमरेला होतं. दोघं चिंब भिजून परत आलो. रविवारी संध्याकाळी मला कणकण वाटली तेव्हा घरात निकाल लागलेला होता, भिजल्यानेच आला ताप. आमच्या शॉपफ्लोअरवर आठवडाभर अर्धी शिफ्ट खोकत होती, याची नोंद कुणी घेतली नाही.

सोमवारी ताप १०३. अंग असं दुखत होतं की कूस बदलायची तर आधी विचार करावा लागायचा. मंगळवारी रक्त दिलं. डेंग्यू निगेटिव्ह, प्लेटलेट १ लाख ९० हजार. ‘व्हायरल आहे, पाच-सहा दिवस आराम करा’, डॉक्टर म्हणाले. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, तो मी बायकोला पाठवून दिला. ही बारीकशी गोष्ट पुढे फार कामाला आली.

गुरुवारी सकाळी ताप उतरला. शुक्रवारी कस्टमर ऑडिट होतं, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. ज्यांना ऑडिट म्हणजे काय हे माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या, गुरुवारी दोन, शुक्रवारी तीन, आणि नऊ तास उभा राहिलो. मधल्या वेळात टपरीवर चहा. ऑडिट चांगलं झालं. ‘ताप असून आला, याला म्हणतात कमिटमेंट’ असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी पहाटे साडेपाचला पाणी आलं म्हणून उठलो. मोटारीचं बटण दाबलं आणि छातीच्या मधोमध काहीतरी येऊन बसलं. दुखलं असं नाही म्हणता येणार. द्राक्षांचं भरलेलं कॅरेट छातीवर ठेवून वर कुणी हात टेकून उभं राहावं, तसं. मग दोन्ही दंड भरून आले. खालचा जबडा दुखायला लागला, अक्कलदाढ दुखते तसा, पण दोन्ही बाजूंनी. मी मनाशी म्हटलं, आठवडाभर खोकतोय, बरगड्या धरल्या असतील. ओवा चावला. ॲसिडिटीची पुडी पाण्यात टाकून प्यायलो. वीस मिनिटं यात गेली.

बायको उठून आली आणि म्हणाली, “अहो, फॅन चालू आहे.” मला कळेना ती असं का म्हणते. मग बघितलं तर बनियन पिळून काढावी इतकी ओली होती.

ती १०८ ला फोन लावत होती. मी तिला थांबवलं. गॅसला कुणी ॲम्ब्युलन्स बोलावतं का? लेकीला शेजारच्या काकूंकडे दिलं, दोन मजले स्वतः उतरलो आणि बायकोच्या ॲक्टिव्हावर मागे बसलो. या सबंध प्रकरणात मी केलेला सगळ्यात मोठा मूर्खपणा हाच, असं नंतर कार्डिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या. अटॅकच्या पहिल्या तासात हृदयाची लय एकदम बिघडू शकते. तसं झालं तर ॲम्ब्युलन्समध्ये शॉक द्यायचं मशीन असतं. ॲक्टिव्हावर डिकीत रेनकोट असतो.

घराजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलवर ‘२४ तास’ असं लिहिलेलं आहे, तिथे गेलो. नाव लिहीत नाही. रात्रपाळीचे डॉक्टर झोपेतून उठून आले. ईसीजी काढला, पट्टी हातात घेऊन विचारलं, “वय?” छत्तीस. “ताप?” होऊन गेला. “खोकला?” आहे. “मग मसल पेन आहे, थोडा गॅस.” ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहून दिलं आणि ते आत गेले. त्यांना दोष देऊन मी मोकळा होत नाही, कारण अगदी हाच हिशोब मी अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या स्वयंपाकघरात मांडला होता.

तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, पण हातापायांचे ईसीजीचे चिमटे काढले नाहीत. मी म्हटलं, काढा ना. त्या म्हणाल्या, “राहू द्या, परत लागतील.” माझ्या चेहऱ्याकडे बघत स्टूल ओढून बसल्या. पंधरा-वीस मिनिटांनी स्वतःहून दुसरी पट्टी काढली. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. डॉक्टर बाहेर आले ते पळतच.

पहिल्या पट्टीत जे नव्हतं, किंवा नसल्यासारखं होतं, ते दुसरीत उघड दिसत होतं. एकच ईसीजी नॉर्मल आला म्हणजे विषय संपत नाही, दुखणं चालू असेल तर परत परत काढायचा असतो, हे मला आता माहीत आहे. त्या सिस्टरना ते पूर्वीपासून माहीत होतं.

मग सगळं भराभर. फक्त एका जागी गाडी अडली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या द्यायच्या होत्या आणि डॉक्टरांनी विचारलं, “ताप होता म्हणता, डेंग्यू बघितला होता का? प्लेटलेट?” ऑगस्टातल्या नाशिकमध्ये हा प्रश्न विचारायलाच हवा. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असतील तर याच गोळ्या रक्तस्राव घडवू शकतात. बायकोने मोबाइल पुढे धरला, मंगळवारचा रिपोर्ट. ॲस्पिरिन चावून खायला लावली, बाकीच्या गोळ्या पाण्याबरोबर, आणि ॲम्ब्युलन्सने मुंबई नाक्याकडच्या कॅथलॅब (नसेतून नळी घालून हृदयाच्या नसा बघतात, उघडतात ती खोली) असलेल्या एका मोठ्या हॉस्पिटलला हलवलं. रस्ते मोकळे होते. सव्वासातला पोचलो.

कॅथलॅबच्या दाराशी मॅडम भेटल्या. चाळिशीच्या आतल्याच असतील. फाइल बघत म्हणाल्या, “दोन शक्यता आहेत. एकतर नस बंद झाली आहे. नाहीतर व्हायरसमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज आली आहे. ईसीजी दोन्हीत असा दिसू शकतो, रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, तेही दोन्हीत वाढतं. तुमचं वय बघून मला दुसरं निघावं असं वाटतंय, पण नुसत्या वाटण्यावर थांबता येत नाही. अँजिओग्राफी करावी लागेल.”

मग विचारलं, “सिगारेट?”

फॉर्म बायकोने भरला होता आणि तिथे ‘नाही’ असं लिहिलं होतं. कारण मुलगी झाली तेव्हा मी सोडली होती. म्हणजे सोडली असं घरी सांगितलं होतं. मी म्हटलं, “कधीतरी.” मॅडमनी फाइलवरून नजर उचलली. “दिवसाला किती?” पाच. ऑडिट असेल तर सात-आठ. बायको शेजारीच उभी होती, हातात सहीचा कागद आणि पेन. तिने सही केली. डिपॉझिटचं कार्ड स्वाइप करायला गेली, कारण इन्शुरन्सचं टेबल नऊला उघडतं.

कॅथलॅबमध्ये थंडी फार. उजव्या मनगटातून नळी आत गेली. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, म्हणजे मी जागाच होतो, मान वळवली की स्क्रीन दिसत होता. द्राक्षबागेत वाढल्यामुळे असेल, मला ती वेलच वाटली. काळ्या काड्या, त्यांना फुटलेल्या बारीक काड्या, सगळं ठोक्याबरोबर हलतंय. त्यातली समोरची जाड काडी अर्ध्यावर छाटल्यासारखी थांबलेली, पुढे काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, “हां, नसच आहे.” पुढे गुठळी ओढून काढली, फुगा फुगवला, एक स्टेंट बसवला. रक्त पुढे गेलं तेव्हा छातीत चार-पाच ठोके वेडेवाकडे पडले. मी घाबरून बघितलं तर आतून कुणीतरी म्हणालं, “चांगलं आहे, येऊ दे.” आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. छातीवरचं कॅरेट कुणीतरी उचललं.

आता त्या ‘दुसऱ्या शक्यते’बद्दल, कारण ती काचेपलीकडच्या बेडवर झोपली होती. सिन्नरकडचा २२ वर्षांचा पोरगा. पोलीस भरतीची तयारी करत होता. सर्दी-ताप अंगावर काढत रोज १६०० मीटर पळत राहिला आणि एक दिवस मैदानावरच छाती धरून बसला. ईसीजी माझ्यासारखा, ट्रोपोनिन माझ्यापेक्षा जास्त. अँजिओग्राफीत नसा एकदम स्वच्छ. मग हृदयाचा एमआरआय केला, त्यात स्नायूंना सूज दिसली. मायोकार्डायटिस. स्टेंट नको, काही नको. त्याची आई बाहेर माझ्या बायकोला म्हणत होती, “आमचं वाचलं बाई, ब्लॉक नाही निघाला.” आणि मॅडमनी त्याला सांगितलं की सहा महिने पळायचं नाही, जोर-बैठका नाहीत, क्रिकेट नाही. सुजलेलं हृदय पळताना दगा देऊ शकतं. भरती तीन महिन्यांवर होती. स्टेंटवाला मी त्या संध्याकाळी खिचडी खात होतो आणि नसा स्वच्छ असलेला तो पोरगा भिंतीकडे तोंड करून रडत होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या घशाच्या स्वॅबचा रिपोर्ट आला. इन्फ्लुएन्झा ए, एच१एन१. म्हणजे २००९ साली ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणून घाबरलो तोच. आता तो दरवर्षीच्या फ्लूमधलाच एक होऊन बसलाय. सगळ्यांनी मास्क लावले.

रिपोर्ट बघून मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. क्वालिटीतल्या माणसाला रूट कॉज मिळाला की बरं वाटतं. आमच्याकडे एखादा पीस रिजेक्ट होऊन परत आला की व्हाय-व्हाय करतात. हे का झालं, मग ते का झालं, असं पाच वेळा खाली उतरायचं. मला पहिल्याच ‘का’ला उत्तर सापडलं होतं: व्हायरस. बाहेरून आला, माझा काही दोष नाही. भेटीच्या वेळेत पाच ते सहा एकेक नातेवाईक आत यायचा आणि स्वतःचं कारण घेऊन यायचा. मामा म्हणाले कोरोनाची लस. आत्या म्हणाली रात्रपाळ्या. कंपनीतला मित्र म्हणाला साहेबांनी घेतलेलं टेन्शन. सगळ्यांना मी एकच सांगायचो, फ्लूमुळे झालं, रिपोर्टच आहे.

मामांचं उत्तर मला नंतर सापडलं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने १८ ते ४५ वयातल्या अचानक झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला होता, तो २०२३ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. देशभरातल्या ४७ हॉस्पिटलांमधले ७२९ मृत्यू, आणि तुलनेला त्याच वयाची जिवंत माणसं. लशीचे दोन डोस घेतलेल्यांत धोका कमी निघाला. वाढलेला निघाला तो कोरोनाने हॉस्पिटलात राहून आलेल्यांत, घरात असा अचानक मृत्यू आधी झालेल्यांत, एका बैठकीत भरपूर दारू पिणाऱ्यांत आणि आधीच्या दोन दिवसांत अंगाला फार ताण देणारी मेहनत किंवा व्यायाम केलेल्यांत. मी मामांना पाठवलं. त्यांनी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल पाठवलं.

सोमवारी राउंडला मॅडम आल्या तेव्हा मी माझी व्हायरसची थिअरी मांडली. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. अर्धं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. माझ्या त्या नसेत चरबीचा थर होता, पण अडथळा चाळीस टक्क्यांच्या आसपासच. महिन्याभरापूर्वी ट्रेडमिल टेस्ट केली असती तर पास झालो असतो. फ्लूत सगळ्या अंगाला सूज येते, ती या थरालाही येते, त्याच्यावरचा पापुद्रा कच्चा होऊन फाटतो. त्याच दिवसांत रक्त गुठळी धरायला टपलेलं असतं. वर ताप, धडधड, पाणी कमी प्यायलेलं, म्हणजे हृदयाला काम जास्त. त्यात अंगदुखीच्या गोळ्या. (या गोळ्यांवरून मला वेगळं ऐकावं लागलं. अशा गोळ्यांनी हृदयाचा धोका थोडा वाढतो आणि सर्दी-तापात घेतल्या तर आणखी. तापाला साधी पॅरासिटामॉल पुरते.) फाटलेल्या जागी गुठळी बसते आणि चाळीस टक्क्यांचे शंभर व्हायला काही मिनिटं लागतात.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ साली आला होता. तपासणीत फ्लू सिद्ध झालेले आणि त्याच्या आगेमागे वर्षभरात हार्ट अटॅकने भरती झालेले ३३२ लोक. फ्लूनंतरच्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. “सहापट!” मी म्हटलं, जणू कोर्टात पुरावा मिळाला. मॅडम म्हणाल्या, “त्यातले बहुतेक म्हातारे होते. छत्तिसाव्या वर्षी मुळात शक्यता एवढीशी, तिची सहापट केली तरी एवढीशीच. या महिन्यात नाशिकमध्ये किती हजार लोकांना ताप आला असेल? त्यातले इथे किती आले? मग तुम्हीच का, हा प्रश्न उरतोच ना?”

दुसरा ‘का’. क्वालिटीवाल्याला क्वालिटी शिकवत होत्या.

मंगळवारी एक रक्ताचा रिपोर्ट आला, त्याचं नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं. लायपोप्रोटीन ए. तिथे सगळे त्याला एलपी-ए म्हणतात. कोलेस्टेरॉलचाच एक चिकट भाऊबंद. ५० च्या वर म्हणजे जास्त, माझा ११८. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत हा दिसत नाही, मुद्दाम सांगून करावा लागतो. खाण्यापिण्याने फारसा हलत नाही, जन्मापासून जवळपास तेवढाच राहतो. रक्तातून येतो, आईकडून नाहीतर वडिलांकडून. जगात साधारण पाच माणसांमागे एकाचा वाढलेला असतो, म्हणजे माझ्याच लाइनवर आठ-दहा जण तरी असतील.

“घरात कुणाला हार्टचा त्रास?” हा प्रश्न मला चार दिवसांत चार जणांनी विचारला आणि चारही वेळा मी ‘नाही’ म्हणालो. नाना, म्हणजे माझे वडील, ६७ वर्षांचे, अजून बागेत फवारणी करतात. आई ठीक. आजी-आजोबा म्हातारे होऊन गेले. कॉलममध्ये ‘निल’.

त्या दिवशी संध्याकाळी आई भेटायला आली होती. बराच वेळ माझ्या मनगटावरच्या पट्टीकडे बघत बसली. मग म्हणाली, “आण्णांना पण असाच घाम फुटला होता.”

आण्णा म्हणजे नानांचे थोरले भाऊ, माझे काका. १९९४ साली गेले, ३९ वर्षांचे. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, आता माझी मुलगी आहे तेवढा. मला आठवतं ते इतकंच की ओट्यावर खूप चपला होत्या. आईने सांगितलं त्यावरून: ताप येऊन आठवडा झाला होता, उतरलाही होता. दिवाळीनंतरचे दिवस, बागेला औषध मारायचं राहिलं होतं, तर आण्णा पाठीवर पंप घेऊन गेले. दोन ओळी मारल्या आणि बांधावर बसले. छातीत भरून आलंय म्हणाले. घरी आणेपर्यंत अंगातला सदरा ओलाचिंब. बैलगाडी, मग जीप, दिंडोरीच्या अलीकडेच संपलं.

“मग मला हे कुणी सांगितलं का नाही?”

“सांगायचं काय त्यात? तापाचं निमित्त झालं.”

तीस वर्षं आम्ही सगळे तेच म्हणत आलो. त्यांना खरंच काय झालं होतं हे आता कुठल्याच मशीनवर दिसणार नाही. पण त्या एका वाक्याने घरातली एक नोंद कायमची पुसली गेली. आमच्या कंपनीत रिजेक्शनच्या फॉर्मवर दोन रकाने असतात. पहिला, चूक का झाली. दुसरा, झालेली चूक आपल्या हातून निसटली का. लोक पहिला रकाना भरभरून लिहितात आणि दुसऱ्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ एवढंच लिहून सही करतात. मी हॉस्पिटलच्या बेडवर पहिल्यांदा दुसऱ्या रकान्याचा विचार केला. वयाने निसटलं. तापाने निसटलं, कारण ताप-खोकला आहे म्हटलं की छातीत दुखण्याचं कारण आयतं मिळतं. आणि घरात आण्णांबरोबर १९९४ मध्येच निसटलं होतं.

सिगारेटचा रकाना मी बायकोवर सोडतो. घरी आल्यावर दोन दिवस ती काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गोळ्या डबीत भरताना म्हणाली, “टपरीवाल्याला माहीत होतं. मला नव्हतं.” त्यानंतर आजवर एकही ओढली नाही. यात माझा मोठेपणा काही नाही.

घरी आल्यानंतरचं लोक फारसं सांगत नाहीत, म्हणून थोडं सांगतो. आठव्या रात्री दोन वाजता मला श्वास पुरेनासा झाला. छातीत दुखत नव्हतं, पण प्रत्येक दोन-चार श्वासांमागे एक मोठा श्वास ओढावासा वाटायचा. या वेळी गॅस म्हणून ओवा चावला नाही. सरळ १०८. हॉस्पिटलात ईसीजी, इको, सगळं ठीक. निघालं असं की गुठळी होऊ नये म्हणून जी टिकाग्रेलॉर देतात, तिने काही जणांना असं धापल्यासारखं होतं. गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर गल्लीतली कुत्री तरी झोपली असती. गोळी मनाने बंद करायची नाही, हे मात्र तीनतीनदा सांगितलं होतं. वर्षभराच्या आत बंद केली आणि स्टेंटमध्येच गुठळी झाली तर संपलं. मॅडमनी पुढे ती बदलून दुसरी दिली.

इकोत हृदयाचं पंपिंग ४५ टक्के होतं, सहा आठवड्यांनी ५२ झालं. चालणं आधी हॉलमध्ये पाच मिनिटं, मग जिन्याखाली, मग गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर. तिथे सकाळी सत्तरीतले काका लोक मला मागे टाकून जायचे. एकाने विचारलं, “काय, बायपास?” मी म्हटलं, स्टेंट. “एकच?” त्यांचे तीन होते. माझ्याकडे बघून त्यांनी पाऊल जरा हळू केलं, तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

कामावर सहा आठवड्यांनी रुजू झालो. दोन गोष्टी मी आता ऑफिसात उघड बोलतो. फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी. अटॅक येऊन गेलेल्यांना ती दिली तर वर्षभरात पुन्हा अटॅक, स्टेंटमध्ये गुठळी किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं, असं २०२१ मध्ये आलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलंय. मी मे महिन्यात घेणार आहे. दुसरं, ताप उतरल्यावर लगेच कामाला येणाऱ्या पोराला मी ‘कमिटमेंट’ म्हणत नाही, घरी पाठवतो. साहेबांना ते आवडत नाही.

पितृपक्षात गावी गेलो. आण्णांची तिथी पंचमीची. खीर, वडे, आमटी, अळूची भाजी. मला एक वडा मंजूर झाला. पंगत उठल्यावर ओट्यावर बसलो होतो, तेव्हा मी नानांना सगळं सांगितलं, एलपी-ए, आण्णा, सगळं. नाना ऐकत होते. समोर बाग होती, छाटणीला आलेली. मग द्राक्षावरच्या डावणी या बुरशीच्या रोगावर आले. म्हणाले, “डावणीचं असंच असतं. पाऊस झाला न् डावणी आली, असं आपण म्हणतो. पण ती आलेली नसते. जुन्या पाल्यात, मातीत बसलेली असते. पाऊस नुसतं निमित्त.”

धाकट्या भावाला मी दीड महिना सांगत होतो की नाशिकला येऊन तपासणी कर. तो ३२ वर्षांचा, सिगारेट नाही, तंबाखू आहे. त्याचं उत्तर ठरलेलं: “गोडी छाटणी उरकू दे.” त्या दिवशीही तेच म्हणाला. नानांनी बागेवरची नजर न काढता सांगितलं, “छाटणी मी बघतो. तू उद्या जा.”

तो बिचारा रात्रीपासून उपाशी आला. लॅबमधल्या मुलीने सांगितलं, याला उपाशीपोटी यायची गरज नसते. तिथून उठून आम्ही मिसळ खायला गेलो. त्याने दोनदा तर्री मागून घेतली, मी दही आणि कोरडी मटकी. दोन दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा नानांचाच फोन आला. बाजारभाव विचारावा तसं विचारलं, “किती निघाला?”

“एकशे चार.”

“आणि तुझा?”

“एकशे अठरा.”

बराच वेळ फोनवर नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“म्हणजे माझ्याकडूनच,” नाना म्हणाले. मग जरा थांबून, “पण मला तर बाबा कधी तापच आला नाही.”